‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधले जुने इंग्रजी शब्द कसे टिपावेत?

सायली_क
जेन ऑस्टेनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मूळ इंग्रजीतून वाचतेय. अडलेला प्रत्येक शब्द वहीत लिहिते, पण डोक्यात राहत नाही. शिवाय सगळे शब्द ओळखीचे असूनही काही वाक्यं लागतच नाहीत. काय करावं?

निशाचर
घोटाळा ओळखीचेच शब्द करतात. पहिल्याच वाक्यातला ‘वाँट’ म्हणजे उणीव, इच्छा नव्हे. ‘कॅन्डर’ म्हणजे आज स्पष्टवक्तेपणा. इथे दुसऱ्याबद्दल चांगलंच गृहीत धरणं. म्हणून तो गुण थोरल्या बहिणीचा, जेन बेनेटचा; फटकळ नायिका एलिझाबेथचा नाही. त्यांचे वडील मिस्टर बेनेट म्हणतात की विकम आपल्या सगळ्यांशीच ‘मेक लव्ह’ करतो, तेव्हा दचकू नका; जावई सगळ्यांशी लाडीगोडी लावतोय, एवढंच. आणि पाद्री कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या ‘कॉन्डिसेन्शन’ची आरती ओवाळतो ती मनापासून. बड्यांनी पायरी उतरून आपुलकीने वागणं हा तेव्हा सद्गुण होता. (हसतेय ती ऑस्टेन.)

वहीत आधी हे शब्द घ्या, प्रकरणामागे पाच-सहाच. पुस्तकात ६१ प्रकरणं आहेत, तेवढे पुष्कळ झाले. पहिलं वाचन कोशाला हात न लावता, खुणा दुसऱ्या वाचनात. शब्द सुटा लिहू नका; अख्खं वाक्य उतरवून शब्दाच्या जागी रेघ ओढा, शब्द आणि अर्थ पानामागे. चार दिवसांनी रेघ भरता आली की झालं.

कोशकिडा
कोश कुठला वापरता? न्यू ऑक्सफर्ड अमेरिकनमध्ये आजचा रुळलेला अर्थ आधी येतो, त्यामुळे पहिली ओळ वाचून थांबलात की फसलात. मेरियम-वेब्स्टर सर्वांत जुना अर्थ आधी देतो. जॉन्सनचा १७५५चा आणि वेब्स्टरचा १८२८चा कोश नेटवर फुकट आहेत. कादंबरी १८१३ची, म्हणजे बरोबर मधली. मराठी अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थने सुरू केलेला आणि कँडीने पुरा केलेला १८४७चा इंग्रजी-मराठी कोश चाळा, मराठीही जुनी मिळेल.

आडवाट
घोडागाड्यांची नावं पाठ करू नका, चित्रं बघा. ‘करिकल’ दोन चाकी, दोन घोड्यांची, ती श्रीमंत नायक डार्सीकडे. ‘गिग’ दोन चाकी, एका घोड्याची, ती कॉलिन्सकडे. ऐपत लगेच कळते. ‘एन्टेल’ आणि ‘लिव्हिंग’ मात्र पक्के करा, त्यांच्यावाचून कथानकच अडतं. ‘एन्टेल’ म्हणजे जमीन ठरलेल्या वारसाकडेच जाण्याची अट. बेनेटांची वर्षाला २,००० पौंड उत्पन्नाची जमीन तिच्यामुळे मुलींना न मिळता कॉलिन्सकडे जाणार. ‘लिव्हिंग’ म्हणजे उत्पन्नासकट पाद्रीपद. विकमने त्यावरचा हक्क ३,००० पौंडांना सोडला.

सायली_क
धन्यवाद! यातलं ऑफिसच्या ईमेलमध्ये काय चालेल?

निशाचर
‘ऑब्लाइज्ड’ (आभारी) खुशाल वापरा. ‘कृपया’ या अर्थी ‘प्रे’ नको, लोक हसतील. आणि हातातली प्रत संक्षिप्त नाही ना, बघून घ्या. त्यात हे शब्द आधीच बदललेले असतात.