आत्तीचा मोतीबिंदू: मोफत शिबिरातनं ऑपरेशन करावं का?

निपाणीची लेक
माझी आत्ती चाळीस वर्षं बिड्या वळतेय. आता उजव्या डोळ्यानं धुक्यातनं बघितल्यासारखं दिसतंय म्हणते. पानावर फर्मा ठेवून कात्री मारली की कड तिरकी जाते, तोंड मुडपताना पान फाटतं. छाट, म्हणजे नापास बिड्या, वाढत चाललीय, तेवढी मजुरी बुडतेय. मागच्या आठवड्यात समाजमंदिरात तपासणी झाली, मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन फुकट, न्यायला-आणायला गाडी. पण आत्ती म्हणते, "शिकाऊ डॉक्टरांचा हात बसवायला आमचे डोळे का?" शेजारीण म्हणते, पिकू दे, थंडीत कर. पाठवू का नको, सांगा.

चिकोडीकडचा
ताई, आत्तींची भीती खोटी नाही. आमच्या बाबांचं १९८९ ला शाळेच्या वर्गात ऑपरेशन झालेलं. तिसऱ्या दिवशी डोळा ठणकायला लागला, तोवर मंडळी गाव सोडून गेलेली. दाखवायचं कुणाला? डोळा गेला. ऑपरेशन कुठं करणार, ते आधी विचारा.

संकेश्वर, निवृत्त नेत्र सहायक
बाबांचं वाचून फार वाईट वाटलं. ते दिवस मी बघितलेत. आपल्याच बाजूचे, बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव शिबिरं घेत, १९५६ ला पद्मश्री मिळाली त्यांना. तेव्हा गोरगरिबांना दवाखाना गाठता येत नव्हता, म्हणून दवाखानाच गावात न्यावा लागे. आता तपासणी गावात, ऑपरेशन मात्र थिएटर असलेल्या दवाखान्यातच व्हायला पाहिजे. शाळेत किंवा मंडपात म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

फुकट म्हणजे हलकं, असं नसतं. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ ला ११ खाटांवर सुरू झालं. पैसे देणाऱ्यांच्या फीवर तिथं गरिबांची ऑपरेशनं होतात. ऑपरेशनात डोळ्यात बसवायची परदेशी लेन्स परवडेना म्हणून त्यांनी १९९२ ला ऑरोलॅब काढून स्वस्त लेन्स इथंच बनवल्या. त्याआधी गरिबाच्या वाट्याला जाड भिंगाचा चष्माच यायचा.

पिकायची वाट बघू नका. फार पिकला की भिंग कडक होतं, ऑपरेशन अवघड जातं. थंडी-उन्हाळ्याचा काही संबंध नाही. शुगर, बीपी, डोळ्याचा दाब बघितला का आणि लेन्सचा नंबर मोजला का, ते विचारा. संमतीपत्र बहुधा कानडीत असेल. मराठीत समजावून सांगितल्याशिवाय आत्तींना अंगठा उठवू देऊ नका.

खरी काळजी पुढची. साधारण महिना-दीड महिना थेंब घालायचे, घालणाऱ्यानं दर वेळी हात धुवायचे. डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात. रात्र काढायची नाही. बिडीवाल्या बाया चौथ्या दिवशी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या मी बघितल्यात. घरात चूल त्यावर असते, त्यांना काय बोलणार? पण जर्द्याची धूळ त्या डोळ्यात जाता कामा नये. सूप कधी धरायचं, ते डॉक्टरच सांगतील. तोवर त्यांची मजुरी घरच्यांनी सोसायची, एवढं आधी ठरवा.

निपाणीची लेक
काका, सगळं वाचून दाखवलं. जर्द्याचं ऐकून आत्ती गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या बिड्या कोण वळणार?" मी आणि वहिनी वाटून घेतोय. फोन करून विचारलं, ऑपरेशन दवाखान्यातच आहे. मंगळवारी गाडी येतेय, मी सोबत जातेय.