मुलांना अवकाश शिकवणारे कॉम्प्युटर गेम: चांगलं काय आहे?

इंदिरानगरची_आई

मुलगा सहावीत आहे, मराठी माध्यम. चांद्रयान-३ उतरताना पाहिल्यापासून घरात दुसरा विषय नाही. तारांगणात नेऊन आणलं, पुस्तकं झाली. एका ॲपची वर्षाची वर्गणीही भरली, पण त्यात ग्रहांची नावं ओळखा, चित्रं जुळवा एवढंच. ती नावं त्याला बालवाडीपासून पाठ आहेत. त्याचे प्रश्न वेगळे असतात. परवा म्हणाला, "अपोलो चार दिवसांत चंद्रावर उतरलं, मग आपल्याला चाळीस दिवस का लागले?" खेळता खेळता असलं काही उलगडेल असा गेम आहे का? लॅपटॉप जुना आहे.

सिडकोकर

नासाच्या 'स्पेस प्लेस' साइटवर छोटे गेम आहेत. फुकट, ब्राउझरमध्येच चालतात. इंग्रजी वाचायला सुरुवातीला तुम्ही शेजारी बसा.

गंगापूररोड_काका

ताई, या प्रश्नाचं उत्तर सांगू नका, त्याला ते खेळून काढू दे. त्यासाठी स्वतः रॉकेट बांधून उडवायच्या 'कर्बल स्पेस प्रोग्राम'सारखा दुसरा गेम नाही. विकत घ्यावा लागतो, पण पैसे वसूल होतात. मी निवृत्त शिक्षक आहे, आमच्या सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत हाच खेळायला बसवतो.

सगळी मुलं आधी रॉकेट सरळ वर सोडतात. इंधन संपतं, रॉकेट आणखी थोडं वर जातं आणि परत खाली येतं. मुलं आणखी टाक्या जोडतात, तरी तेच. मग कुणीतरी वर जाता जाता रॉकेट पूर्वेकडे कलतं करतं आणि ते फिरत राहतं! उंची पुरेशी नाही, आडवा वेग लागतो, हे त्या क्षणी त्यांना कळतं. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर का, हेही मग मुलंच सांगतात: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तो वेग आयता मिळतो आणि पुढे समुद्र मोकळा असतो.

आता चाळीस दिवसांचं. अपोलोचं सॅटर्न-५ रॉकेट इतकं ताकदवान होतं की त्याने यान थेट चंद्राच्या वाटेला लावलं. आपल्या एलव्हीएम-३ ने 14 जुलै 2023 ला यान लंबगोल कक्षेत सोडलं. पुढे यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ आलं की इंजिन चालवायचं, असं करत कक्षा वाढवत नेली. 1 ऑगस्टला ते चंद्राकडे निघालं, 5 ला चंद्राच्या कक्षेत शिरलं आणि 23 ला उतरलं. कमी इंधनात, स्वस्तात. गेममध्ये नकाशा उघडला की कक्षेची निळी रेघ दिसते. अलीकडच्या टोकाला इंजिन चालवा, पलीकडचं टोक लांबत जातं. हे मुलाने स्वतः करून बघितलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

एक मात्र त्याला आधीच सांगा. गेममधला ग्रह फक्त 600 किमी त्रिज्येचा आहे, आपली पृथ्वी 6,371 ची. तिथले वेगाचे आकडे इथे लावायचे नाहीत.

इंदिरानगरची_आई

काका, खूप आभार! पण लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे. चालेल?

गंगापूररोड_काका

अडखळेल. मोठं रॉकेट बांधलं की जास्तच. तोवर 'स्टेलॅरियम' घ्या, पडद्यावर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. तो गेम नाही, पण मुलं त्याचा गेम करतात. ठिकाण नाशिक टाका आणि L दाबून वेळ पळवा. सगळं आकाश फिरतं, ध्रुव जागच्या जागी. मग गच्चीवर न्या. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश. नाशिकचा अक्षांश 20, म्हणून उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुव. आमच्याकडची मुलं गावाला गेली की तिथेही मुठी मोजतात.

गिरणारे_वाट

यात भर घालतो. स्टेलॅरियममध्ये प्रकाश प्रदूषणाचं सेटिंग आहे, ते शहराएवढं वाढवा. नाहीतर पडद्यावर हजारो तारे आणि गच्चीवरून मोजके, मुलं हिरमुसतात. मग एखाद्या अमावास्येच्या आसपास गंगापूर धरणाच्या पुढे या, इकडे अंधार बरा आहे. थंडीत आलात तर व्याधाच्या ताऱ्याखाली दक्षिणेला अगस्तीचा तारा नक्की दाखवा. लॅपटॉप सोबत असेल तर कंट्रोल आणि N दाबा, पडदा लाल होतो. पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात, मग पुन्हा वीसेक मिनिटं थांबावं लागतं.