कॉर्पोरेट फायनान्समध्येच काम करायचंय: सीए, सीएफए की एमबीए?

नमस्कार. मी पुण्यात टीवायबीकॉमला आहे. घर कोल्हापूरला, पप्पांची शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे. पुढे काय करायचं ते येत्या दोन-तीन महिन्यांत ठरवायचंय आणि घरात या क्षेत्रातलं कुणी नाही. पोस्ट जरा लांबली आहे, सांभाळून घ्या.

यंदा आम्हाला अभ्यासाला खेळत्या भांडवलाचं, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचं प्रकरण होतं. दिवाळीच्या सुट्टीत पप्पांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, टॅली, उघडून वर्गातलं गणित त्यांच्या आकड्यांवर मांडलं. कच्चा आणि तयार माल मिळून ४० दिवस पडून राहतो. बिलाचे पैसे यायला ९५ दिवस लागतात. भंगार आणि पिग आयर्नवाले पप्पांना ३० दिवसांची उधारी देतात. ४० अधिक ९५ वजा ३०, म्हणजे १०५ दिवस. रोजचा खर्च लाखभर धरला तर एक कोटी पाच लाख कायम अडकलेले. बँकेची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची कॅश क्रेडिट, सत्तर लाखांची. उरलेल्या पस्तीस लाखांत पप्पांनी मोडलेली एफडी आहे, काकांचे उसने आहेत आणि आईच्या पाटल्या आहेत. ताळेबंदात धंदा दरवर्षी नफ्यात! पगाराच्या आठवड्यात पप्पा गप्प का असतात, ते त्या दिवशी कळलं.

वर्गातल्या बहुतेकांना फायनान्स म्हणजे शेअर बाजार वाटतो. मला कंपनीच्या आतला पैसा सांभाळायचाय: नवी भट्टी घ्यावी का, कर्ज किती पेलेल, येणी लवकर कशी आणायची. अशा कामासाठी सीए करावं, सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) की दोन वर्षं नोकरी करून एमबीए? आणि या नोकऱ्यांमध्ये दिवसभर नक्की काय करतात? पगाराचे आकडे सगळीकडे वाचायला मिळतात, कामाबद्दल कुणी लिहीत नाही.

प्रतिसाद

ताई, मी चाकणला एका कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्या विभागात आहे, स्वतः सीए. सकाळी पहिलं काम सगळ्या बँक खात्यांच्या शिलका बघणं. मग आज कुणाला किती द्यायचं, कुठली रक्कम कधी यायची आहे, आयात मालाच्या डॉलरसाठी फॉरवर्ड कव्हर घ्यायचं (पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच बांधून घ्यायचा) की थांबायचं. शेजारच्या टेबलावर एफपी अँड ए (आर्थिक नियोजन आणि विश्लेषण): बजेट आणि प्रत्यक्ष यांतला फरक शोधून कारखान्यातल्या लोकांना कारण विचारत फिरणं. तू मांडलेलं १०५ दिवसांचं गणित आम्ही दर महिन्याला करतो.

तुला हेच हवं असेल तर मी सीए म्हणेन. कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला जाता येतं आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता दोन वर्षांची आहे. फक्त आर्टिकलशिप निवडताना नुसतं जीएसटी रिटर्न भरायला लावणारी जागा घेऊ नकोस. सीएफएचे तीन टप्पे आहेत, पहिला शेवटच्या वर्षाला असतानाच देता येतो. पण त्याचा भर गुंतवणूक आणि मूल्यांकनावर. फी डॉलरमध्ये, तेव्हा घाईने भरू नकोस. एमबीए कुठून करतेस त्यावर सगळं अवलंबून. सीईटीत उत्तम गुण मिळवून जमनालाल बजाजला लागलीस तर जरूर जा. नाव नसलेल्या कॉलेजात लाखो रुपये घालू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

प्रतिसाद

बँकेची क्रेडिटची बाजूही बघ. मी तिथे बारा वर्षं आहे. उद्योजकाचा सीएमए डेटा (कर्जासाठी दिलेले मागचे आणि पुढचे अंदाजी आकडे) तपासायचा, दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल ती मर्यादा, काढायची, कारखान्यात जाऊन माल खरंच आहे का ते पाहायचं. फौंड्रीत वाढलेल्या मुलीला ढिगाऱ्याकडे बघून जे कळेल ते आमच्या नव्या पोरांना कळत नाही.

पप्पांसाठी एक: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत हे २००६ च्या कायद्यातच आहे. शिवाय २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे छोट्या उद्योगांची बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी सक्तीची केली आहे. गिऱ्हाइकाने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पप्पांना व्याज वजा जाऊन पैसे काही दिवसांत मिळतात. पुढे गिऱ्हाईक थकलं तरी वसुली पप्पांकडून होत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. इंटरमीजिएटची नोंदणी निकाल लागला की करते. उद्यम नोंदणी आहे, आत्ताच पप्पांना फोन करून विचारलं. मोठ्या गिऱ्हाइकाची उलाढाल २५० कोटींच्या कितीतरी वर आहे, पण ट्रेड्सचं नाव पप्पांनी आज पहिल्यांदा ऐकलं. बिल मान्य करून घ्यायला त्यांच्याकडे कुणाशी बोलायचं, खरेदी विभागाशी की फायनान्सशी? विषय काढला तर पुढची ऑर्डर जाईल, अशी पप्पांना भीती वाटते. कुणी असं पत्र लिहिलं असेल तर सुरुवात कशी केली ते सांगाल का?