बाबांच्या सायकलीचं हॅण्डल: गंज घासू की राहू देऊ?

जिन्याखालचा:
बाबांची काळी ॲटलस बारा वर्षं जिन्याखाली पडून होती. रॉड ब्रेकवाली, २८ इंची चाकं. परवा काढून धुतली. रंग बराच बरा निघाला, पण हॅण्डलवर खसखस पेरल्यासारखे तांबूस ठिपके आहेत, रिमा तर पार तपकिरी. शेजारच्या काकांनी पॉलिशपेपर आणून दिला. ब्रेकच्या दांडीवर दोन बोटं जागा घासून पाहिली. गंज गेला, चकाकीपण गेली. आता तिथे ढगाळ पट्टा दिसतो. बाहेर देऊन नवीन क्रोम करायचं नाहीये. घरी काय करता येईल?

जुनीचेन:
आधी तो पॉलिशपेपर काकांना परत करा. क्रोमचा थर केसाहून कितीतरी पातळ असतो. त्याखाली निकल, त्याखाली लोखंड. ठिपके म्हणजे बारीक छिद्रांतून वर आलेला लोखंडाचा गंज. वरचा गंज निघेल, छिद्र राहणारच.

डब्यात पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद चुरगळून सुपारीएवढा गोळा करा, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. काळसर राड येईल, ती चिंधीने पुसत राहा. मला एका हॅण्डलला अर्धा तास आणि दोन चहा लागले. मग अगदी कोरडं करून गाडीचं मेण लावा.

रिमांना मात्र मेण बघून लावा. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, हबकडच्या बाजूला टेकतात. तिथे मेण लागलं तर पहिल्याच उतारावर कळेल! दांडीवरचा पट्टा आता जायचा नाही.

फ्रीव्हील:
नटबोल्टांसाठी सायट्रिक ॲसिड चांगलं. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे, आणि दर अर्ध्या तासाने बघायचं. मी घंटीची वाटी टाकली आणि रात्रभर विसरलो. सकाळी कडेने क्रोमचा पापुद्रा सुटलेला. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यातून बुडवून, लगेच पुसून तेल लावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत नारिंगी. स्पोकच्या तारा त्यात घालू नका. साध्या तारांवर जस्त असतं, आम्ल ते आधी खातं.

जिन्याखालचा:
कागदाने उजवी बाजू झाली, तोंड दिसतंय त्यात! डाव्या मुठीजवळ मात्र, घंटी वाजवायला बाबांचा अंगठा जायचा तिथे, बोटभर पिवळसर झाक आहे. घासूनही जात नाही. हा गंजच का?

जुनीचेन:
गंज नाही, निकल आहे ते. क्रोम झिजून खालचं दिसतंय. अजिबात हात लावू नका तिथे.

जिन्याखालचा:
नाही लावत. रिमा रविवारी. पेपर काकांना परत दिला, तर ते आता माझ्याच खिडकीचे गज घासतायत.