सुरुंग ‘हेरला’, ‘लागला’ की ‘हुडकला’?

मूळ प्रश्न

‘कॉम्बॅट मिशन’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा संगणकावरचा खेळ मी बरीच वर्षं खेळते आहे. नॉर्मंडीच्या लढायांचा त्यातला भाग २०११ साली आला, तो माझा सगळ्यात आवडता. आता सोलापूरच्या दोन मावसभावांनाही गोडी लागली आहे, म्हणून त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहायला घेतली. रणगाडा, तुकडी, आडोसा, तोफमारा इथपर्यंत लेखणी भराभर चालली. लपवलेल्या सुरुंगांपाशी मात्र अडली.

इंग्रजीत खेळणारे सगळीकडे ‘स्पॉट’ हे एकच क्रियापद वापरतात. झुडपाआडची मशिनगन स्पॉट होते, दूरचा रणगाडा स्पॉट होतो आणि पायाखालचा सुरुंगही स्पॉटच होतो. मी सगळ्यासाठी ‘हेरणे’ लिहून मोकळी झाले. “तुमच्या सैनिकांनी सुरुंग हेरला की नकाशावर त्याची पाटी दिसते.” धाकट्याने हे वाचलं, तुकडीला कुंपणापाशी थांबवलं आणि तीन डाव नुसती वाट पाहिली. (या खेळात एक डाव म्हणजे एक मिनिट: आधी हुकूम द्यायचे, मग मिनिटभर काय होतं ते बघायचं.) सैनिक टक लावून बघतील आणि सुरुंग हेरतील, अशी त्याची समजूत. काहीच दिसलं नाही तेव्हा तो पुढे निघाला. कुंपणातल्या फटीत पहिला सैनिक शिरला, धुरळा उडाला, तो पडला, आणि पाटी तेव्हा उगवली.

मुलाने माझं वाक्य शब्दशः पाळलं होतं. म्हणून विचारते, इथे कोणतं क्रियापद हवं? आणि ‘माइनफील्ड’ला सरळ, तोंडात बसणारा शब्द आहे का? ‘सुरुंगक्षेत्र’ मला सरकारी परिपत्रकासारखा वाटतो.

प्रतिसाद

‘हेरणे’ इथे चालणार नाही, आणि त्याचं कारण शब्दातच आहे. हेर लांबून बघतो, न दिसता बघतो. ज्याला आकार आहे, हालचाल आहे, जो डोळ्यांना कधी ना कधी दिसणार आहे, तो हेरला जातो. मशिनगन हेरता येते, कारण ती आग ओकते. पुरलेल्या सुरुंगाचं लांबून काहीच दिसत नाही.

तुमच्या मावसभावाच्या बाबतीत जे झालं त्याला माझ्या गावी ‘सुरुंग लागला’ म्हणतील. ठेच लागते, विहीर खणताना खडक लागतो, नांगराला दगड लागतो. जमिनीत दडलेलं काही अंगाला किंवा अवजाराला भिडून कळलं की मराठीत ते ‘लागतं’. त्यात बघणाऱ्याचं कसब नसतं, आणि तुमच्या खेळातही त्या क्षणी ते नव्हतंच.

प्रतिसाद

‘लागणे’ आवडलं, पण एक अडचण आहे. आमच्याकडे विहिरीच्या कामावर ‘सुरुंग लावला’ म्हणजे खडकाला भोक पाडून, दारू ठासून, वात जोडून तयार केला. ‘चार सुरुंग लागले, एक राहिला’ असंही म्हणतात, तिथे लागले म्हणजे उडाले. लहानपणी मी हे रोज ऐकलं आहे. बार भरून झाला की मुकादम लाल फडकं हलवत मोठ्याने ओरडायचा, आम्हा पोरांना वडाच्या पलीकडे पिटाळायचा. मग बार मोजायचे. भरले पाच आणि आवाज चारच आले, तर मुकादम कुणालाही विहिरीत उतरू देत नसे. तो राहिलेला पाचवा म्हणजेच तुमचा लपलेला सुरुंग.

म्हणून टिपणात नुसतं ‘सुरुंग लागला’ न लिहिता ‘पायाला सुरुंग लागला’, ‘गाडीला सुरुंग लागला’ असं लिहा. कशाला लागला ते सांगितलं की घोळ उरत नाही.

जाता जाता, ‘सुरुंग’ या शब्दाचा प्रवासही सुंदर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ म्हणजे भुयार. पुष्कळ अभ्यासक तो ग्रीक भाषेतून आला असं मानतात. हिंदीत आजही बोगद्याला सुरंग म्हणतात. मराठीत बोगदा निराळा झाला आणि सुरुंगाकडे फक्त दारू उरली. हे कसं झालं ते १६६० च्या चाकणच्या वेढ्यात दिसतं. शायिस्तेखानाच्या लोकांनी छावणीपासून संग्रामदुर्गाच्या बुरुजाखालपर्यंत भुयार खणलं, त्यात दारू भरली आणि बुरूज उडवला. भुयार तेच, स्फोटही त्याचाच, शब्दही एकच. इंग्रजी ‘माइन’ने हाच रस्ता धरला: आधी खणलेली वाट, मग तिच्यातली दारू, शेवटी नुसता जमिनीत पुरलेला डबा. वर्तमानपत्रांत ‘बालेकिल्ल्याला सुरुंग’ छापतात तेव्हा अजून चाकणचाच अर्थ चालू असतो. जमिनीत पुरलेल्यासाठी ‘भूसुरुंग’ आणि समुद्रातल्यासाठी ‘पाणसुरुंग’ हे शब्द त्यामुळेच वेगळे करावे लागले.

प्रतिसाद

माझे वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात होते. घरी ते ‘माइन’च म्हणायचे, पण कामाची क्रियापदं मराठी असायची, आणि ती एकमेकांच्या जागी कधीच येत नसत. संगीन किंवा सळई तिरपी धरून माती टोचत जायचं, हे ‘चाचपणं’. तिरपी अशासाठी की सुरुंगाच्या माथ्यावर दाब पडू नये, टोक त्याच्या कुशीला लागावं. सुरुंगशोधक यंत्र कानात वाजलं, तर ‘सुगावा लागला’. हाताने माती बाजूला करून डबा दिसला, तर ‘सापडला’. हे सगळं काम मिळून ‘हुडकणं’. पुढे पांढरी फीत ओढून वाट दाखवणं म्हणजे ‘खूण करणं’, आणि अगदी शेवटी ‘निकामी करणं’.

यंत्राचा सुगावाही दर वेळी मिळत नसे. पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी ब्रिटनमध्ये तयार केलेलं शोधक यंत्र १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईत वापरलं गेलं आणि खूप उपयोगी पडलं. पण जर्मनांचा लाकडी पेटीतला पायसुरुंग त्या जातीच्या यंत्रांना जवळजवळ मुकाच होता, कारण त्यात धातू नावापुरता. तिथे पुन्हा संगीन आणि बोटं.

याच सॅपर्समधल्या दोन माणसांची नावं या चर्चेत यायलाच हवीत. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या सुरुवातीला मेतेम्मा हे गाव पडल्यानंतर अ‍ॅबिसिनियात (आजच्या इथिओपियात) चार दिवस, ५५ मैल, सगळ्यात पुढच्या गाडीत बसून पंधरा ठिकाणचे सुरुंग हुडकले आणि काढून घेतले. त्या चार दिवसांत दोनदा त्यांचीच गाडी सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली नाकारली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे पंधरा ठिकाणी ‘हुडकले’ आणि दोनदा ‘लागले’. एकाच माणसाच्या कामगिरीत दोन्ही क्रियापदं आहेत, त्यांची अदलाबदल करून बघा, वाक्य खोटं होतं.

दुसरे कारवारकडचे रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर, अंगावर गोळीबार चालू असताना, ते रणगाड्याच्या पोटाखाली त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि दोरीला हिसके देऊन चालकाला सुरुंगांतून वाट दाखवत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. हे ‘हेरणं’ नव्हे हो. हे जमिनीला छाती लावून केलेलं काम आहे.

प्रश्नकर्ती

वडिलांची क्रियापदं वाचून अंगावर काटा आला. खेळात अगदी हेच टप्पे आहेत आणि मी ते एका शब्दात कोंबत होते. साधी तुकडी सहसा सुरुंगाला पायानेच भेटते. इंजिनिअर तुकडी जवळ ठेवली, सावकाश पुढे नेली, तिला वेळ दिला, तर ती स्फोटाआधी हुडकण्याची शक्यता असते. पाटी दिसल्यावर त्याच तुकडीला खूण करायचा हुकूम देता येतो. खूण झाली की तिथून हळू जाण्यातला धोका बराच कमी होतो, पण सुरुंग जागच्या जागीच असतात. मी तिथे ‘साफ केले’ लिहिलं होतं. पुसलं.

आणखी एक शब्द पुसला, ‘मोकळा’. पायदळ एका वाटेने सुखरूप गेलं की ‘वाट मोकळी आहे’ असं मी लिहिलं होतं. पण रणगाड्यासाठीचा सुरुंग माणसाच्या वजनाने उडत नाही. थोरल्याची आख्खी तुकडी त्याच्यावरून चालत गेली आणि मागून आलेल्या शर्मन रणगाड्याचा पट्टा तुटला. आता लिहिते, ‘पायी जाणारे या वाटेने गेले, गाड्यांचं माहीत नाही’.

आणि इथेच ‘सुरुंगपट्टा’ हा माझ्या मनातला शब्दही बाद झाला. ‘सुरुंगपट्ट्यात पट्टा तुटला’ हे वाक्य कुणाला वाचायला देऊ?

प्रतिसाद

सुरुंग आपण ‘पेरतो’. गडचिरोलीच्या बातम्यांत वर्षानुवर्षं ‘भूसुरुंग पेरून ठेवले होते’ असंच वाचत आलो. पेरलेल्या रानाला शेतकरी ‘पेरा’ म्हणतो: यंदा ज्वारीचा पेरा घटला, तुरीचा वाढला. मग ‘सुरुंगांचा पेरा’ का नको? यात क्षेत्रही आलं, कुणीतरी मुद्दाम पेरल्याचंही आलं, आणि वरून काही दिसत नाही हेही आलं. एक सुरुंग ‘पुरतात’, पुष्कळ ‘पेरतात’, हा फरकही सांभाळला जातो.

प्रतिसाद

पेरा म्हटलं की पिकाची आस लागते, त्यामुळे मला तो शब्द जरा खुपतो. पण खुपणं इथे योग्यच आहे म्हणा. लष्करी माहितीत ‘सुरुंगक्षेत्र’ राहू द्या, टिपणात ‘पेरा’ घ्या.

प्रश्नकर्ती

घेतला. टिपणातला बदललेला मजकूर असा:

“कुंपणातली फट, पुलाचं तोंड, रस्त्याचं वळण, जिथून तुम्हाला जावंच लागेल तिथे शत्रूने सुरुंगांचा पेरा केलेला असेल असं धरून चाला. तो लांबून दिसत नाही, त्यामुळे नुसतं थांबून बघण्यात डाव घालवू नका. इंजिनिअर तुकडी पुढे घ्या आणि तिला हुडकायला वेळ द्या. कुणाच्या पायाला सुरुंग लागलाच, तर बाकीच्यांना तिथेच थांबवा, पळवू नका, कारण पेरा एका सुरुंगाचा नसतो. पाटी दिसली की खूण करून घ्या. खूण म्हणजे सुरुंग निकामी झाले असं नव्हे. रणगाडा दुसऱ्या वाटेने न्या.”

धाकट्याला काल रात्री पाठवलं. त्याने तीच लढाई पुन्हा मांडली. इंजिनिअर कुंपणापाशी नेले, थांबला, आणि सहाव्या मिनिटाला फोन करून म्हणाला, “ताई, हुडकला!”