शाळेच्या फॉर्मवर ‘सिकलसेल’ लिहायचं की रकाना कोरा सोडायचा?

रेल्वेलाइन्सची_आई :
मुलगा दहा वर्षांचा. जूनपासून नव्या शाळेत पाचवीला जाईल. प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना आहे, ‘पाल्यास काही आजार असल्यास’. आठ दिवस फॉर्म फ्रिजवर पडून आहे. माझं मत आधी सांगते, मग तुम्ही काय हाणायचं ते हाणा : तो रकाना कोरा सोडावा.

माझं माहेर भंडारा, सासर चंद्रपूर. यांची बदली झाली म्हणून तीन वर्षांपूर्वी सोलापुरात आलो. आम्ही दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, हे पोरगा झाल्यावर कळलं. आठ महिन्यांचा असताना त्याचे हातपाय पुरीसारखे फुगले, तेव्हा रक्त तपासलं आणि एसएस, म्हणजे सिकलचा रुग्ण निघाला. आता रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, ठरलेल्या दिवशी रक्ताचे काउंट. वर्षातून एखाद-दोनदा दुखणं उठतं. बाकीचे दिवस तो चारचौघांच्या पोरांसारखाच, भांडखोर.

तिकडे गल्लीतल्या आजीलाही ‘सिकल’ म्हणजे काय ते ठाऊक असतं. इथे सांगितलं की समोरचा विचारतो, “म्हणजे शुगर का?” त्याचे डोळे पिवळट दिसतात म्हणून दोघींनी मला कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. एकीने तर सोबत यायचीही तयारी दाखवली. मनाने चांगली आहे हो, पण काय बोलणार!

सोलापुरातल्याच आधीच्या शाळेत (नाव लिहीत नाही) फाइल नेऊन सगळं सांगितलं होतं. मग काय झालं? पीटीच्या तासाला हा कायमचा झाडाखाली. गॅदरिंगच्या नाचातून काढला, “रिस्क नको.” सहलीला आई सोबत आली तरच. एका मुलाच्या आईने लागण होईल म्हणून बाक बदलून मागितला, आणि तिला तो मिळालाही. सांगून पोराच्या पदरात काय पडलं, तर झाडाची सावली.

खडूफळा :
ताई, मी अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तुमचा राग समजतो, पण रकाना कोरा सोडायचं पटत नाही.

काही वर्षांपूर्वी ऊसतोडीला नंदुरबारकडून आलेल्या एका कुटुंबाची मुलगी हंगामापुरती माझ्या वर्गात होती. एका तासात तीन-तीनदा लघवीला जाऊ का विचारायची. मी दोनदा सोडायचो, तिसऱ्यांदा “बस खाली.” मला वाटायचं, टाळाटाळ. पुढे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून कळलं की तिला सिकलसेल आहे आणि या आजारात किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी अंगात टिकत नाही, म्हणून तहानही जास्त आणि लघवीही जास्त. लघवीला सोडत नाहीत म्हणून ती पाणी प्यायची थांबली होती. पाणी कमी पडलं की दुखणं उठतं. म्हणजे तिचं दुखणं मी उठवत होतो, शिस्तीच्या नावाखाली. वाईट हेतू काडीचाही नव्हता. मला फक्त माहीत नव्हतं.

दुसरं. शाळेत आम्ही आठवड्याला लोहाची गोळी देतो. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. सिकलचा अशक्तपणा बहुतेक वेळा लोह कमी पडून आलेला नसतो. पेशी लवकर फुटतात आणि लोह अंगातच राहतं. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात तर ते आधीच जास्त असतं. अशा मुलाला त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी द्यायची नाही. तुम्ही रकाना कोरा सोडलात तर मी ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवणारच.

सातरस्ता :
गुरुजी, तुम्ही भले आहात म्हणून सगळी शाळा भली होत नाही. फॉर्म कुणाच्या हातात जातो? आधी ऑफिसातल्या क्लार्कच्या, मग कॉम्प्युटरवर, मग कुणीतरी यादीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो. दहा वर्षांच्या पोराने आपला आजार सगळ्या गावाला सांगायला संमती कधी दिली?

आणि ‘सांगा म्हणजे सवलती मिळतात’ हे नका ऐकवू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाबरोबर सिकलसेल आहे, खरं आहे. पण बऱ्याच सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. या पोरांचं दुखणं आज आहे, उद्या नाही. टक्के कशाचे मोजणार? सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांमध्ये तर रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत. शिक्का बसतो तो आयुष्यभराचा आणि मिळतं ते एसटीच्या तिकिटापुरतं. ताईंचं बरोबर आहे. कोरा सोडा.

जुळे_सोलापूर_काकू :
मीही कोराच म्हणेन. माझ्या भाचीला दिवस गेले तेव्हा तपासणीत ती वाहक निघाली. नवऱ्याचं रक्त नॉर्मल आलं, डॉक्टर म्हणाले बाळाला आजाराची भीती नाही. विषय तिथंच संपायला हवा होता. पण बातमी फुटली आणि तिच्या धाकट्या भावाची सुपारी फुटायची ती थांबली. “त्यांच्या रक्तात काहीतरी आहे.” त्या मुलाची तर तपासणीसुद्धा झाली नव्हती! सोलापूर म्हणायला शहर. नवी पेठेत शिंकलं तर विजापूर रोडला ऐकू जातं. दहाव्या वर्षी लिहिलेलं पंचविसाव्या वर्षी कोण काढून दाखवेल, सांगता येत नाही.

सूक्ष्मदर्शक :
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कोरा की भरलेला, यावर नंतर बोलते. आधी वाहक आणि रुग्ण वेगळे करूया, नाहीतर काकूंच्या भाच्यासारखी फुकटची माणसं भरडली जातात.

जनुकातल्या हिमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेत एका ठिकाणी बदल असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत, म्हणजे प्रथिनाच्या एका माळेत, सहाव्या जागचा मणी बदलतो, ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं. एवढ्याशा अदलाबदलीने, ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनच्या कांड्या होतात आणि वाटोळी पेशी विळ्यासारखी वाकते. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. पिवळे डोळे त्या फुटलेल्या पेशींमुळे. म्हणून कावीळ उतरवणारा इथे काहीही उतरवू शकत नाही. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि दुखणं उठतं ते त्यामुळे.

आई-वडील दोघांकडून बदललेली सूचना आली तर एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आली तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा त्रास नसतो, औषधही नसतं. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता रुग्ण मुलाची, ५० टक्के वाहकाची, २५ टक्के पूर्ण नॉर्मलची. ‘एक झालं, आता पुढची तिघं सुटली’ असा हिशोब नसतो, फासा दर वेळी नव्याने पडतो. आणि लागण? शेजारी बसून, डबा खाऊन, रक्त लागूनसुद्धा नाही. बाक बदलून देणाऱ्या शिक्षकांना हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर!

आता माझं मत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. भर आदिवासी पट्ट्यावर, आणि तो असायलाच हवा. पण बदलीने, नोकरीने, ऊसतोडीने माणसं आपल्याकडेही येतात. इथे आजार लपवूनच ठेवला तर इथल्या डॉक्टर-मास्तरांची ओळख होणार कधी? मी म्हणते, लिहा.

लूमवाला_भाऊ :
ताई, राग मानू नका बगा. आजाराचं नाव लिवायची गरजच काय? मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ डिग्री. लूमच्या शेडमध्ये आमाला दर अर्ध्या तासाला पानी लागतंय, आमी काय सिकलवाले हाओत का? शाळेला एवढंच म्हना, दर तासाला सगळ्या पोरांना पानी प्यायला घंटा द्या. सगळ्यांसंगं तुमचं पोरगंबी पील. कुनाला काय कळायचं नाय.

खडूफळा :
भाऊ, कल्पना झकास आहे. पण काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात शाळेची टाकी घंटा झाल्यावर भरलेली असेल, याची हमी कोण देणार? आणि पाणी हा एकच प्रश्न नाही. या मुलांची जंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे ताप साधा समजायचा नसतो. १०१ च्या वर गेला की तडक दवाखाना. आमच्याकडे तापलेल्या मुलाला काय करतात? “स्टाफरूममध्ये झोप जरा, शाळा सुटली की जा.” हा ताप वेगळा आहे हे कळायला नाव लागतं.

विळा_आणि_मी :
माझं वय २९, एसएस. आत्तापर्यंत कोरा रकाना मीच होतो, म्हणून बोलतो.

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर कुणालाही सांगितलं नाही. पहिल्या वर्षी जानेवारीत पोरं गड्ड्याच्या यात्रेला निघाली, मीही गेलो. दिवसभर पाणी नीट प्यायलो नव्हतो, रात्री होम मैदानावर गारठा, अंगात एक पातळ शर्ट. परत आलो आणि पहाटे मांड्या आणि पाठ सुरू झाली. ज्याला झालं नाही त्याला कसं सांगू? हाडाच्या आत कुणीतरी पकड घालून पिळतंय असं समजा. रूममेटला वाटलं, यात्रेत काहीतरी प्यायलाय. तोंडावर पाणी मारलं, तेही गार. दवाखान्यात नेलं तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं आणि सोबतच्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. केसपेपरवर लिहिलं ‘अंगदुखी’. एक साधी गोळी देऊन बाकावर बसवलं. सलाइन आणि नीट वेदनाशामक मिळायला सकाळ उजाडली, तीही माझी आई फोनवर ओरडली तेव्हा. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना काय स्वप्न पडणार होतं?

तेव्हा सातरस्ता, संमतीचा मुद्दा मान्य. पण मी गप्प राहिलो त्याची किंमत मीच मोजली.

आता गुरुजी, तुमच्याशीही भांडतो. फॉर्म भरला की सांगून झालं, असं तुम्ही धरून चालताय. ताईंनी तर अख्खी फाइल नेली होती! रकान्यात ‘सिकलसेल’ वाचून शाळेला कळतं ते एवढंच की हे पोरगं आपल्या अंगावर येऊ शकतं. मग त्याला झाडाखाली बसवतात. मला शाळेत अंपायर करायचे. सहा वर्षं अंपायर. खेळू द्यायला हवं होतं. फक्त दम लागला की थांबू द्यायचं, थांबलो म्हणून चिडवायचं नाही, मधे पाणी द्यायचं. पळाल्याने मी मेलो नसतो. नुसतं उभं राहून मात्र फार वेळा मेलो.

सातरस्ता :
तुमची यात्रेची गोष्ट वाचून बोलायला जागा राहिली नाही. तरी क्लार्क आणि ग्रुपवरचा फोटो, त्याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. वर्गशिक्षकांना भेटून, कागद हातात देऊन सांगा. ऑफिसच्या फॉर्मवर कशाला?

सूक्ष्मदर्शक :
कारण वर्गशिक्षक रजेवर जातात. बदली शिक्षकांना तोंडी गोष्टी कळत नाहीत.

जुळे_सोलापूर_काकू :
आणि लग्नाचं? त्यावर सगळे गप्प.

विळा_आणि_मी :
काकू, माझं लग्न झालंय. दुसऱ्याच भेटीत सांगितलं, तिची तपासणी करून घेतली, ती नॉर्मल निघाली. मुलं झाली तर सगळी वाहक असतील, रुग्ण नाही. याआधी दोन ठिकाणी नकार आला, खोटं कशाला बोलू. तुमच्या भाच्याची सुपारी मात्र वाहकपणामुळे मोडली नाही, अर्धवट माहितीमुळे मोडली. त्याला तपासून घ्यायला सांगा, रिपोर्ट काहीही आला तरी.

जुळे_सोलापूर_काकू :
दोन नकार पचवायला तुम्ही पुरुष आहात. मुलीला दोन नकार आले की गाव तिसरं स्थळ येऊ देत नाही. माझं मत बदललेलं नाही. तपासणीचं मात्र सांगते त्याला.

रेल्वेलाइन्सची_आई :
सगळं वाचलं, काही दोनदा. गोळीचा आणि तापाचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, तिकडच्या शाळेत सांगावं लागलं नव्हतं.

काल रात्री पोरालाच विचारलं. आठ दिवस घरात एवढी चर्चा चालली आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं, हेही तुमच्यामुळे लक्षात आलं. तो म्हणाला, “टीचरला तू सांग. पोरांना मी सांगीन, मला वाटेल तेव्हा.” मग थोडं थांबून, “आणि लिही की मला फिल्डिंग येते.”

एक पानभर कागद केलाय. वर आजाराचं नाव, खाली पाणी, लघवी, ताप, लोहाची गोळी, थंडीत स्वेटर काढायला लावू नये, दुखणं उठलं तर कुणाला फोन करायचा, आणि खेळू द्यावं, दमला की थांबू द्यावं. फिल्डिंगचंही लिहिलंय. फॉर्मच्या रकान्यात ‘सोबतचा कागद पाहावा’ लिहावं की थेट नाव, ते अजून ठरलेलं नाही. यांचं मत कोरा, सासूबाईंचं कोरा. सोमवारी शेवटची तारीख आहे.

सातरस्ता :
कागदाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. पोच घ्या, सही-शिक्क्यासह.

लूमवाला_भाऊ :
फिल्डिंग कुठं करतंय पोरगं, स्लिपला का बाउंड्रीला? बाउंड्रीला लई पळावं लागतंय बगा.