मैदानाजवळ सिरिंज सापडल्या. मैदानालाच कुलूप लावावे काय?

क्रीडाशिक्षक, दारव्हा तालुका
आमच्या शाळेमागच्या पडीक जागेतल्या बाभळी तोडून गावकऱ्यांनी आठ वर्षांपूर्वी श्रमदानाने मुरमाची धावपट्टी आणि कबड्डीचे मैदान तयार केले. पहाटे पाचला पोलीस भरतीची मुले-मुली तेथे धावतात, आणि एरवी एकमेकांच्या ओट्यावर न चढणारी घरे सोयाबीन निघाल्यावर त्याच मैदानात रात्रीचे सामने पाहायला एका सतरंजीवर बसतात. गेल्या आठवड्यात झाडलोट करताना पाण्याच्या टाकीमागे, तुराट्यांच्या ढिगाखाली, वापरलेल्या तीन सिरिंज आणि लेबल खरडून काढलेली एक बाटली सापडली. तेव्हापासून मैदान बंद करा, अशी मागणी होत आहे. मला ती मान्य नाही. पण डोळेझाकही करवत नाही. मी काय करावे?

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय
सर, बाटलीत काय होते हे तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, म्हणून कोणत्याही मुलाचे नाव घेऊ नका. मात्र भरतीच्या मुलांमध्ये मेफेंटरमाइनचा गैरवापर होतो, हे महाराष्ट्रात आता लपून राहिलेले नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब खाली आला, तर तो वर आणण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे हे औषध आहे. निरोगी मुलाने ते घेतले की थकवा जाणवत नाही. थकवा जात नाही, फक्त त्याची सूचना बंद होते, आणि आधीच धडधडणारे हृदय आणखी ताणले जाते. पुढे त्याची सवय लागते, झोप उडते, संशय आणि भ्रम सुरू होतात. सिरिंज एकमेकांत वापरली गेली असेल, तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. सापडलेल्या सुया उघड्या हातांनी उचलू नका आणि कचऱ्यात टाकू नका. जाड डब्यात घालून जवळच्या आरोग्य केंद्रात द्या.

जुना कबड्डीपटू, अमरावती
मी वजनी गटात खेळलो आहे. वजनाच्या आदल्या रात्री आमचा एक चढाईपटू स्वेटरवर रेनकोट चढवून धावत होता, आणि सकाळी काटा अर्धा किलो जास्त दाखवू लागला तेव्हा कोणीतरी त्याच्या तळहातावर लघवी वाढवून वजन उतरवणारी गोळी ठेवली. वजन बसले, पण दुसऱ्या चढाईत पोटऱ्यांना गोळे येऊन तो मध्यरेषेवरच कोसळला. ते औषधही खेळाडूंसाठीच्या बंदीच्या यादीत असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आला. तेथे पदक नव्हते, तरी त्या प्रवासाचा अभिमान आम्ही अजून मिरवतो. उलट २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत उत्तेजकांची तपासणी करणारे पथक आल्याचे कळताच पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला होता. त्याच वर्षी भारतात तपासलेल्या खेळाडूंच्या ५,६०६ नमुन्यांपैकी दोनशेहून अधिक दोषी निघाले. उत्तेजकांना आळा घालणाऱ्या नाडा (राष्ट्रीय) आणि वाडा (जागतिक) या संस्थांची नावे ऐकून आमची मुले हसतात खरी, पण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा त्यांचा नियम मुलांना समजावून सांगा. जिममधून आणलेल्या बिनलेबलाच्या पावडरीत काही मिसळलेले निघाले, तरी ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर सुटका होत नाही.

भरतीची उमेदवार, गोंदिया जिल्हा
गुरुजी, मोठ्या खेळाडूंचे दाखले ठीक आहेत, पण आमच्या बॅचमधल्या बहुतेकांना पदकाचे स्वप्नच नाही. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांच्या १,६०० मीटरला त्यातले २० गुण आहेत, आणि काही सेकंदांनी गुण घसरतात. घरी दोन एकर कोरडवाहू धान, बहिणीचे लग्न ठरलेले, वयोमर्यादा संपत आलेली, अशा मुलाला कोणी ‘एका सुईत जमते’ म्हटले की तो मोहात पडतो. जी मुलगी सुई न घेता ८०० मीटर धावते, तिचा निकाल लागला तरी गावात कुजबुज होतेच. माझ्याबाबतीत झाली आहे. मैदानाला कुलूप लावले तर सुई घेणारा कॅनॉलच्या रस्त्यावर जाऊन घेईल, आणि आम्हा मुलींना पहाटे सुरक्षित धावायला जागा उरणार नाही.

क्रीडाशिक्षक, दारव्हा तालुका
सर्वांचा आभारी आहे. सुया डब्यात भरून उपकेंद्रात दिल्या. टाकीमागच्या तुराट्या हलवून तेथे दिवा लावायचे ठरले असून, कुलपाचा विषय पुढच्या ग्रामसभेपर्यंत थांबला आहे. काल सराव संपल्यावर घड्याळ बाजूला ठेवून मुलांशी अर्धा तास बोललो. कोणी काही कबूल केले नाही, पण एक जण सायकल हातात धरून मागे थांबला आणि झोप येत नसल्याचे त्याने सांगितले. सोमवारी त्याला घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे. वडिलांना अजून सांगितलेले नाही, कारण आधी मला सांग, घरी लगेच कळवणार नाही, असे वचन मीच त्याला दिले होते.